डोळ्याच्या दाहावरची नवी औषधं इथेच तपासली पाहिजेत

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी डोळे आले. त्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा लाल झाला. भोसरीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये निम्मे लोक काळा गॉगल लावून मशीनवर उभे होते, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मेडिकलमधून थेंब आणले. त्यात स्टिरॉइड होतं हे नंतर कळलं. डोळा दोन दिवस निवळला आणि थेंब बंद केल्यावर दुप्पट चिडला.

डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाज सुटते. त्याला यातलं काहीच नव्हतं. आतून ठणकत होतं, खिडकीचा पडदा सरकवला की तो डोळ्यावर हात धरायचा, आणि मायक्रोमीटरवरच्या रेघा त्याला पुसट दिसत होत्या. ठणका, उजेड न सोसणं आणि धूसर दिसणं. ही तीन लक्षणं आमच्यापैकी एकाला जरी ठाऊक असती, तरी दहा दिवस वाचले असते. मी शाळेत विज्ञान शिकवते. मलाही ठाऊक नव्हती.

शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी त्याची हनुवटी यंत्राच्या आधारावर टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि उजेडाची एक बारीक फट तिरकी त्याच्या डोळ्यात सोडली. बराच वेळ त्या बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, “तुम्हाला बघायचंय?” बाजूच्या नळीला मी डोळा लावला. भोर तालुक्यातल्या आमच्या आजोळी कौलात एक काच बसवलेली होती. दुपारी तिच्यातून कवडसा पडायचा आणि त्यात धूळ तरंगताना दिसायची. डोळ्यातही अगदी तसंच होतं. बुबुळाच्या पुढे जे पाणी असतं, ते एरवी इतकं नितळ असतं की त्यातून जाणारा उजेड नजरेला कळतही नाही. भावाच्या डोळ्यात तो धुरकट दिसत होता आणि त्यात पांढरे बारीक ठिपके सावकाश वर-खाली फिरत होते. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद उजेडाच्या तुकड्यात त्या किती दिसतात ते मोजतात. ६ ते १५ म्हणजे वन प्लस, १६ ते २५ म्हणजे टू प्लस, ५० च्या वर गेल्या की फोर प्लस. त्याच्या फाइलवर थ्री प्लस लिहिलं गेलं. या आजारावरच्या नव्या औषधांच्या चाचण्या जगात जिथे कुठे होतात, तिथे औषध लागू पडलं की नाही हे ठरवताना बहुधा याच कवडशातली ही धूळही मोजली जाते.

आजाराचं नाव युव्हिआयटिस. बुबुळ आणि त्याच्या मागचे रक्तवाहिन्यांनी भरलेले थर सुजतात. कधी ते कंबर धरणाऱ्या संधिवाताबरोबर येतं, कधी क्षयाबरोबर. मदुराईत १९९३-९४ मध्ये पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या तापामुळे या दाहाची साथच आली होती. आणि पुष्कळ रुग्णांत कारण सापडतच नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती डोळ्यावर उलटलेली असते, एवढंच म्हणता येतं.

स्टिरॉइडने डोळा वाचतो, हे आधी स्पष्ट सांगते, कारण हे वाचून कुणी चालू थेंब बंद करू नयेत. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं गेलं आणि काही दिवसांत त्या हिंडूफिरू लागल्या. १९५० मध्ये केंडल, हेंच आणि राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हापासून डोळ्याच्या दाहावर पहिला हात स्टिरॉइडचाच. आईने शंभर पानी वहीत तासातासाच्या रेघा आखल्या. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत थेंब घातला की बरोबरची खूण. बारा दिवसांत कवडसा नितळ झाला. पण थेंब कमी करत आणले की धूळ परत दिसायची. म्हणून गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत त्याचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली आणि डोळ्याचं प्रेशर तिशीकडे गेलं. स्टिरॉइड फार दिवस चाललं की मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. म्हणजे दाहातून वाचवलेली नजर औषधाने जाण्याची भीती. स्टिरॉइड कमी करू देणारी दुसरी औषधं शोधण्याची गरज यातूनच येते. ती भुरळ पाडणाऱ्या जाहिरातींनी तयार केलेली गरज नाही. बत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदूच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाची ती गरज आहे.

यानंतर आमच्याकडे जे घडलं, ते फक्त आपल्यासारख्या देशात घडतं.

मँटू टेस्टची, म्हणजे क्षयासाठी हातावर टोचून करतात त्या तपासणीची, गाठ १८ मिलिमीटर आली. छातीचा एक्स-रे साफ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त एकट्या भारतात आहेत. इथे जन्मलेल्या बहुतेकांना बीसीजी टोचलेली असते, आणि क्षयाचा जंतू आयुष्यात कधीतरी शरीरात शिरून गप्प बसलेला असण्याची शक्यताही मोठी असते. त्यामुळे गाठ मोठी आली म्हणून डोळ्यातला दाह क्षयाचाच असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. डोळ्यातलं पाणी काढून तपासलं तरी जंतू बहुतेक वेळा हाती लागत नाही. डॉक्टरबाईंनी आमच्याशी प्रामाणिकपणे बोलून अंदाजाने एकेटी (क्षयावरच्या चार औषधांचा कोर्स) सुरू केली. त्या चार गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल असतं, आणि ते काही जणांच्या डोळ्याच्या नसेलाच इजा करतं. म्हणून दर महिन्याला भाऊ रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात लपलेले आकडे वाचायचा. आई दाराशी उभी राहून ते ऐकायची. तो एखाद्या पानावर थांबला की तिचा श्वास थांबायचा.

याच्या जोडीला स्टिरॉइडही चालूच होतं. म्हणजे एका हाताने प्रतिकारशक्ती दाबायची आणि दुसऱ्या हाताने, ती दाबल्यामुळे उसळू शकेल अशा क्षयावर औषध द्यायचं. कुठल्या गोळीने किती फरक पडला, हे आजही कुणाला सांगता येणार नाही. यात डॉक्टरांचा दोष नाही. त्यांच्यापुढे याहून बरा पुरावा नव्हता. पण हा एक प्रयोगच होता आणि त्याची नोंद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये बंद आहे. पुण्यात आज अशा कितीतरी फाइली कपाटांत असतील. त्यातून पुढच्या रुग्णाला काहीच कळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की, प्रतिकारशक्ती आवरणारी नवी औषधं डोळ्यासाठी भारतात यायची असतील, तर ती आपल्या लोकांवर, आपल्या क्षयासकट, रीतसर चाचणी घेऊन तपासली गेली पाहिजेत, आणि अशा चाचणीला पुण्यातल्या रुग्णांनी हो म्हणावं इतकी ती विश्वासाची असली पाहिजे. आज या दोन्ही गोष्टी कच्च्या आहेत.

अ‍ॅडालिम्युमॅबचंच घ्या. शरीरात दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा रेणू ते अडवतं. डोळ्याच्या मधल्या आणि मागच्या भागातल्या दाहासाठी अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच्या एका मोठ्या चाचणीत, स्टिरॉइड उतरवत नेताना दाह पुन्हा उसळेपर्यंतचा काळ नुसत्या दिखाऊ इंजेक्शनवर १३ आठवडे होता, तर या औषधावर २४ आठवडे. ब्रिटनमध्ये संधिवात असलेल्या ९० मुलांवर झालेली चाचणी तर फायदा इतका उघड दिसला म्हणून मुदतीआधीच थांबवली गेली. औषध चांगलं आहे, यात वाद नाही. आपल्याकडे झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये त्याची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती, आवृत्ती आणली, हेही मला मोलाचं वाटतं. पण टीएनएफ हाच रेणू क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवायला मदत करतो. तो अडवला की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, आणि औषधाबरोबरच्या कागदावर हा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. जिथे क्षय क्वचित दिसतो, तिथे हा इशारा तपासणीची एक पायरी असतो. पुण्यात त्या पायरीवर निम्मी ओपीडी अडखळेल. आधी किती दिवस क्षयाचं औषध द्यायचं, मँटू फुगलेली पण छाती साफ असलेल्याला इंजेक्शन द्यायचं की नाही, या प्रश्नांची उत्तरं लंडनमधल्या रुग्णांवरून मिळणार नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी एक आदेश काढला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातली चाचणी माफ होऊ शकते. दुर्मीळ आजारांवरची औषधं, जनुक आणि पेशी उपचार वगैरे. त्यांच्यासाठी हे योग्यच आहे. मोजक्या मुलांना होणाऱ्या आजाराचं औषध इथे अडवून ठेवणं क्रूरपणाचं होईल. पण त्या यादीत आणखी एक प्रकार आहे: सध्याच्या उपचारापेक्षा लक्षणीय सरस असलेली औषधं. डोळ्याच्या दाहावरचं उद्याचं कुठलंही औषध या दारातून आत येऊ शकतं. २०१९ च्या नियमांमध्ये माफीसाठी अशी अटही आहे की, भारतीय लोकांमध्ये त्या औषधाच्या गुणात किंवा सुरक्षिततेत फरक पाडेल असा घटक असता कामा नये. बहुतेकांच्या डोक्यात तिथे जनुकं येतात. माझ्या मते छुपा क्षय हा त्याहून मोठा घटक आहे, आणि नियंत्रकांनी तो त्या अटीत स्पष्ट धरला पाहिजे. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाला इथली चाचणी माफ करू नये. ज्याची नजर जायच्या बेतात आहे आणि दुसरा उपाय उरलेला नाही, त्याला ते औषध मिळायची वेगळी सोय ठेवावी, पण त्याचं पुढे काय झालं याची नोंद सक्तीची असावी.

शिवाय परदेशात इतर आजारांवर चाललेलं औषध डोळ्यावर चालेलच, असंही नाही. सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन सोरायसिसवर आणि पाठीच्या संधिवातावर उत्तम चालतं. त्याच संधिवाताच्या रुग्णांना डोळ्याचा दाहही होतो, म्हणून ते डोळ्यावरही चालेल अशी मोठी आशा होती. युव्हिआयटिसवर त्याच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिन्हींत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. २०१३ मध्ये ते निकाल छापून आले. चाचण्या झाल्या नसत्या, तर आज आपण ते इंजेक्शन हजारोंच्या दंडात देत बसलो असतो.

आता दुसरी बाजू. एकेटी संपली, सहा महिने बरे गेले, आणि दाह परत आला. दुसऱ्या एका ठिकाणी सल्ल्याला गेलो असताना भावाला विचारलं गेलं की, एका नव्या गोळीच्या अभ्यासात याल का. हातात २६ पानांचा मराठी फॉर्म दिला. मराठी म्हणायचं ते लिपीवरून. “सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप केले जाईल.” “प्रतिकूल घटना उद्भवल्यास प्रायोजकास सूचित करण्यात येईल.” समजावून सांगणाऱ्या मुलीपुढे रांग होती आणि ती पानं उलटत सह्यांच्या जागा दाखवत होती. आई म्हणाली, “आपलं पोर काय उंदीर आहे का?” भावाने फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि आम्ही बाहेर आलो.

आईच्या त्या वाक्याला मी अडाणी म्हणणार नाही. त्याच्यामागे इतिहास आहे. रुग्णांना न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी घेऊन इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारचे कान उपटले, तेव्हा कुठे संमतीचं चित्रीकरण आणि भरपाई यांचे नियम कडक झाले. आज २०१९ च्या नियमांनुसार चाचणी तपासून मान्यता देणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे बाहेरचे लागतात, एक सामान्य माणूस लागतो, एक स्त्री लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही. सगळ्या चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. कायदा पुष्कळ सुधारला आहे. पण माझ्या आईपर्यंत यातलं काहीही पोचलेलं नव्हतं. तिच्यापर्यंत पोचलं ते “यादृच्छिक”.

त्यानंतर भावाला मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्ती आवरणारी एक जुनी गोळी, सुरू झाली. आठवड्यातून एकदा. रोज घेतली तर हीच गोळी जिवावर बेतू शकते, म्हणून आई कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी लाल गोल काढते. मी डॉक्टरबाईंना विचारलं, हीच का? याहून महागडी, नवी का नाही? त्यांनी सांगितलेलं उत्तर मी नंतर स्वतः वाचून काढलं. फास्ट नावाची एक चाचणी झाली. पाच देशांतली ९ केंद्रं, २१६ रुग्ण, आणि त्यातले पुष्कळ भारतातले, मदुराई आणि कोइमतूरच्या अरविंद नेत्र रुग्णालयांत उपचार घेणारे. निम्म्यांना आठवड्याला २५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, निम्म्यांना त्याच कामाचं, नवं आणि महाग मायकोफेनोलेट रोज ३ ग्रॅम. डॉक्टरांचा कल तेव्हा मायकोफेनोलेटकडे होता. २०१९ मध्ये निकाल लागला: सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर सुमारे ६७ टक्के आणि मायकोफेनोलेटवर ५७ टक्के रुग्णांचा दाह आटोक्यात. महागडं औषध सरस ठरलं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही नाही म्हणून बाहेर पडलो, आणि ज्या गोळीवर आज भावाचा डोळा टिकून आहे, ती तामिळनाडूतल्या कुणीतरी हो म्हटल्यामुळे त्याच्यापर्यंत आली. त्यातल्या एकाचंही नाव आम्हाला कधी कळणार नाही. त्यांच्याकडेही आई होती, त्यांनाही भीती वाटली असेल.

आणखी एक गोष्ट मला तितकीच लागली. त्या चाचणीचा पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने दिला होता. जुनी स्वस्त गोळी नव्या महाग गोळीइतकीच चांगली आहे का, हा प्रश्न कुठलीही कंपनी पैसे खर्चून विचारणार नाही. तो भारतीय रुग्णाच्या खिशाचा प्रश्न आहे. तो आयसीएमआरने, आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, विचारायचा. क्षय आणि डोळ्याच्या दाहाचा गुंता तर आपलाच आहे. तो सोडवायला दुसऱ्या देशाच्या करदात्याची वाट का पाहायची?

आणि पुण्याला हे नवं नाही. ससूनच्या आवारातलं बी. जे. मेडिकल कॉलेज अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर एचआयव्ही आणि क्षयावर वर्षानुवर्षं चाचण्या करत आलं आहे. आयसीएमआरने एड्स संशोधनासाठी उभारलेली संस्था भोसरीतच आहे, भावाच्या वर्कशॉपपासून रिक्षाच्या अंतरावर. आणि २६ ऑगस्ट २०२० ला कोव्हिशिल्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात टोचले गेले. शहर भीतीने दारं लावून बसलं होतं तेव्हा इथली धडधाकट माणसं दंड पुढे करून बसली. देशभरात त्या चाचणीत १,६०० जण होते. तेव्हा रोज वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, सोसायटीच्या ग्रुपवर चाचणी म्हणजे काय हे बोललं जात होतं, म्हणून ते हो म्हणू शकले. चाचणीबद्दलची समज हवेत होती. आजारी माणसाला एकट्याला, दुखऱ्या डोळ्याने, रांगेत उभं राहून २६ पानं वाचायला लावलं की तीच समज कुठून येणार?

म्हणून संमतीचा फॉर्म समितीपुढे जाण्याआधी तो त्या आजाराच्या पाच रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचलेला असावा, आणि त्यांना कळला नाही तर तो परत लिहिला जावा. “चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, कुणाला कुठली गोळी ते डॉक्टरांच्या हातात नसेल” असं लिहिता येतं. फॉर्म घरी नेऊन आठवडाभराने उत्तर द्यायची मुभा तोंडी सांगितली जावी. आणि चाचणी संपल्यावर निकाल त्या माणसांना पत्राने, मराठीत कळवला जावा, औषध चाललं नसेल तरीही. त्यांनी डोळा पुढे केला होता, त्यांना उत्तर मिळायलाच हवं.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना तो घडी केलेला फॉर्म सापडला. दुपारी जेवणं झाल्यावर मी तो आईला वाचून दाखवायला घेतला, प्रत्येक वाक्य आपल्या बोलीत करत. तिसऱ्या पानावर तिने थांबवलं. म्हणाली, “आणि मधेच डोळा परत बिघडला, तर हे लोक याला आपलं नेहमीचं औषध देणार का? का तसंच ठेवणार?” मी पुढची पानं चाळली. चौदाव्या पानावर खालून दुसऱ्या ओळीत उत्तर होतं. “दाह वाढल्याचे आढळल्यास सहभागीस बचाव उपचार देण्यात येईल व अभ्यास-औषध थांबवण्यात येईल.” मी तिला त्याचा अर्थ सांगितला. तिने चष्मा मागून घेतला, ती ओळ स्वतः दोनदा वाचली आणि मला पेन्सिल आणायला सांगितली. ओळीखाली रेघ मारून ती म्हणाली, “आता पुढचं वाच.”